पुलासाठी ठेवलेला गियर

अकोल्यात दवाखान्याच्या वाटेवर मधेच रेल्वेचा उड्डाणपूल नसता, तर शेषरावानं गियरच्या भानगडीत डोकं घातलंच नसतं. बाकी सारा मुलूख परातीसारखा सपाट. वऱ्हाडात माणसाला चढ पाहिजे असला तर एक तर सातपुड्याच्या पायथ्याशी जा, नाहीतर सरकारनं बांधलेल्या पुलावर.

शेषराव मूळचा तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातला. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगात त्यानं एकतीस वर्षं फिटरकी केली. पट्टा, पुली, शाफ्ट, बेअरिंग, एवढीच त्याची बाराखडी. नुसत्या आवाजावरून सांगायचा, की तीन नंबरच्या मशीनचा पट्टा संध्याकाळपर्यंत तुटतो. आणि तुटायचा. मालकानं कधी नवं काही बसवायचं काढलं, की याचं उत्तर ठरलेलं. "जास्तीची पुली म्हंजे जास्तीचा पट्टा, अन् जास्तीचा पट्टा म्हंजे जास्तीची कटकट. लागते तेवढंच ठेवा शेठ."

बायको विमल, कापूस वेचणारी. त्यांच्या गावचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही की साबणाला फेस यायचा नाही, माणसं मात्र तेच पाणी पीत. विमलच्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा गाव म्हणालं, पाण्यानं. डॉक्टर म्हणाले, बीपीनं. शेषराव म्हणाला, कशानंही असो, आता करायचं काय ते सांगा. करायचं ते एवढंच होतं, की आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, चार-चार तास मशीनवर निजायचं. मशीन अकोल्यात. म्हणून दोघांनी गाव सोडलं आणि अकोल्याच्या कडेला एक खोली केली. खोली पुलाच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. सहा किलोमीटर.

ऑटोत विमलला धुराच्या वासानं भडभडून यायचं. मशीनवरून उतरल्यावर तर एकदा ती ऑटोवाल्याच्या पाठीवरच ओकली. तो बिचारा काही बोलला नाही, पण त्यानंतर त्याला ती गल्ली सापडेनाशी झाली. बॅटरीच्या रिक्षात सहा-सहा माणसं कोंबलेली, टेकायला जागा नाही. शेवटी शेषरावाला चंदनच्या सायकल दुकानामागं पडलेली जुनी सायकल रिक्षा दिसली. हुड फाटलेलं, पण हाडं शाबूत. चंदन चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडानं सारखा चालू. म्हणाला, "न्या काका. कोंबड्या अंडे देऊन रायल्या तिच्यात. तेवढे मले देजा."

सपाटीवर रिक्षा चालली. पुलावर नाही. एकाच गियरची रिक्षा, बासष्ट किलोची बाई मागं आणि ओढणारा त्रेसष्ट वर्षांचा. अर्ध्या चढावर शेषराव उतरून हातानं ओढायचा. एकदा हात सुटला आणि रिक्षा मागं घरंगळली. केळीच्या गाडीवाल्यानं आडवी गाडी घालून धरली म्हणून बरं. दोन डझन केळी चिरडली.

विमल म्हणाली, "म्या उतरतो जी. चालतो तेवढं."

"बस चुपचाप. चालणारी आली."

त्यांची एकुलती पोरगी प्रणाली अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत सुताच्या कंपनीत कामाला. एक रविवार सोडून एक रविवार यायची. तिनं हे ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, गियर लावा नं. अमरावतीले दुकानात पाह्यलं म्या. एकवीस गियरची सायकल."

"एकवीस?"

"एकवीस तं गणपतीले दूर्वा लागते," खाटेवरून विमल म्हणाली. "आपल्याले दवाखान्यात जाचं हाये का आरतीले?"

प्रणाली हसली नाही. बापाचं वय तिला दिसत होतं. शेषराव मात्र दुसऱ्या दिवशी चंदनच्या दुकानात फरशीवर खडू घेऊन बसला. एकवीस गियरच्या सायकलचे पुढचे-मागचे सारे दात त्यानं मोजले आणि भागाकार मांडत बसला. पुढं तीन, मागं सात. दुपारी उठला तेव्हा गुडघे पांढरे.

"चंदन, लोकायले चुना लावून रायले बे हे. एकवीस कुठी हायेत? यातले आठ-नऊ तं एकमेकाचे सख्खे भाऊ. पुढचं मोठं अन् मागचं मोठं घे, नाहीतर पुढचं मधलं अन् मागचं मधलं घे, पायाले एकच लागते."

"मंग सात घ्या काका. पुढं एक, मागं सात. सातचा सेट आरामात भेटते."

"लागते किती ते पाहू दे आधी."

ते पाहण्याची त्याची रीत जिनिंगातली होती. पुली बदलायची तर रिकामं मशीन फिरवून काही कळत नाही, भार टाकूनच पाहावं लागतं. त्यानं ढेपेच्या दुकानातून सरकीचं पोतं आणलं. दवाखान्याच्या कार्डावर विमलचं वजन बासष्ट होतं, तितकं काट्यावर तोलून भरलं. रिक्षाच्या मधोमध एक शाफ्ट घातला, त्यावर ती सात चक्रं, एक साखळी पायडलपासून शाफ्टापर्यंत, दुसरी शाफ्टापासून मागच्या चाकापर्यंत. आणि विमलच्याच जुन्या लुगड्यानं पोतं सीटवर बांधून निघाला. तीन दिवस त्यानं ते पोतं पुलावर चढवलं, उतरवलं. पुलाखालचा पानवाला ओरडायचा, "शेषरावभाऊ, सरकीले लगन-बिगन लावून रायले काय?"

"हो. तुह्याच घरी देतो."

सातातली चार चक्रं त्यानं काढून टाकली. तीन ठेवली. एक चढासाठी, एक समोरच्या वाऱ्यासाठी, एक सपाटीसाठी. चंदन म्हणाला, बाकीची राहू द्या, काय खाऊन राहिली का? शेषराव म्हणाला, "खाते. पायाले इचार करा लागते. पायानं इचार नाई करा पायजे."

हिशोब चोख होता. चूक होती ती त्या पोत्यात. जिनिंगात भार ठरलेला असतो. आज बांधलेली कापसाची गाठ परवाही तेवढ्याच वजनाची भरते. एकतीस वर्षं तेच पाहिलेल्या माणसानं बायकोलाही त्याच मापानं धरलं आणि सारं गणित बासष्टवर बसवून मोकळा झाला.

पहिल्या सोमवारी निघताना विमलनं रिक्षात पाय ठेवायच्या आधी त्याचा हात धरला.

"एक आयका. तुमच्या मायले शेवटी कसं नेत होते आठवते? चादरीत गाठोडं करून. ना बसता येये, ना मुताले उठता येये, अन् तरी नेतच होते. माह्या आंगात मास हाये तोवर नेजा. ज्या दिवशी नुसते हाडं रायले, त्या दिवशी नोका नेऊ. घरी मरू देजा."

"कायचं काय बोलून रायली सक्काळी सक्काळी."

"हो म्हना."

"हो."

"हातावर हात द्या."

त्यानं दिला. त्या वेळी ती चांगली भरलेली बाई होती. हात द्यायला काय जात होतं.

पहिले चार महिने बरे गेले. गियरला नावं विमलनंच ठेवली. चढाचा तो म्हैस, वाऱ्याचा बैल, सपाटीचा घोडी. पूल जवळ आला की मागून आवाज यायचा, "काढा म्हैस." शेषराव खटका ओढायचा, साखळी खट्ट करून मोठ्या चक्रावर चढायची आणि रिक्षा खरंच म्हशीसारखी निघायची, हळू, पण थांबायची नाही. पुलावर चढेपर्यंत त्याचं बनियन पाठीला चिकटायचं. माथ्यावर पोचला की विमल पदरानं मागूनच त्याची मान पुसायची. "लय भारी झालो का जी म्या?" "तं काय. ढेप खाऊन रायली का चोरून?" पुलाखाली मालगाडीतून गाठी उतरवणाऱ्या हमालांनाही ती दोघं ओळखीची झाली. परततानाही तोच चढ दुसऱ्या बाजूनं, पण मशीननं दोन-तीन किलो पाणी काढून घेतलेलं, म्हणून येताना बैलावर जमून जायचं.

संक्रांतीच्या आधीचा एक गुरुवार. पुलाखाली एका ट्रॅक्टरवाल्याशी शेषरावाची हुज्जत झाली. त्या रागात तो म्हैस काढायचं विसरला आणि माथ्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण बैलावरच चढलो. दम लागला नव्हता. तो इतका खूश झाला की संध्याकाळी चंदनकडं जाऊन पिंढऱ्या दाखवून आला.

"पाय तयार झाले काका तुमचे," चंदन म्हणाला. "आता चिखलदऱ्याले घेऊन जा काकूले."

चार दिवस तो त्या खुशीत होता. पुढच्या सोमवारी दवाखान्यातल्या भावना सिस्टरनं विमलला काट्यावर उभं केलं आणि कार्डावर आकडा लिहिला. सरकीचं पोतं तोललं त्यानंतर शेषरावानं कार्ड कधी उघडून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. बासष्ट. साठ. सत्तावन्न. त्रेपन्न. पन्नास. सत्तेचाळीस. आकडे एकाखाली एक, सिस्टरच्या सुबक अक्षरात.

पाय तयार झाले नव्हते.

तो बाहेर बाकावर जाऊन बसला. चार तास बसला. मग सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आकडा मोठ्यानं नोका वाचू."

"मी कुठं वाचते काका? लिहिते फक्त."

"तिनं इचारलं तरी."

सिस्टरनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

गुरुवारी पुलाखाली मागून आवाज आला नाही. विमल हल्ली डोळे मिटून टेकून बसायची. शेषराव बैलावर चढला असता. पण त्याचा हात खटक्याकडं गेला. साखळी खट्ट वाजली. मागं विमलनं डोळे उघडले असावेत, कारण ती म्हणाली, "आली का म्हैस?"

"आली."

"बरं झालं."

तेव्हापासून त्याचा नेम झाला. भार नसलेल्या म्हशीवर पाय शिलाई मशीनसारखे गरगर फिरतात, ते दिसू नये म्हणून तो मुद्दाम हळू मारायचा, उभा राहायचा, खांदे वाकवायचा. तोंडानं हुं हुं करायचा. जन्मभर ज्यानं नाटक-तमाशात कधी पाऊल टाकलं नाही, तो भर पुलावर अकोल्याच्या ट्रॅफिकमध्ये आठवड्यातून दोनदा धापा टाकायचा. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या तर म्हणायचा, "सूज उतरली वं तुही. पाणी काढून रायले नं ते." पोलक्याला प्रणालीनं दोन्हीकडून शिवण घातली, तेव्हाही तेच. प्रणालीलाही त्यानं खरं सांगितलं नाही. ती मोबाईलवर विचारायची, "माय कशी हाये?" तो म्हणायचा, "चांगली हाये. म्हैस काढा लागते अजून."

फाल्गुनात साखळी उतरायला लागली म्हणून तो चंदनकडं गेला. चंदननं शाफ्ट खोलला आणि चक्रावरून बोट फिरवलं.

"काका, हे बैलाचं चक्र जसंच्या तसं हाये अन् म्हशीचं घासलं. उलटं कसं काय? काकू तं आता इतकी..." तो थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आता पूल घोडीवर चढत असान तुमी. हे दोन काढूनच टाकतो. साखळी सरळ चालंन, कटकट मिटंन. तुमीच म्हनता नं, लागते तेवढंच ठेवा."

"काढू नोको."

"लागत नाईत नं पण."

"लागते म्हटलं नं बे!" शेषराव इतक्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरची माणसं वळली. "म्हशीचं नवं टाक. आवाज झाला पायजे चांगला."

चंदननं पाना खाली ठेवला. नवं चक्र शोधून बसवलं, आवाज येतो की नाही ते चारदा पाहिलं. शेषराव निघाला तेव्हाही तो पाठमोरा राहून एका ट्यूबला उगाच घासत बसला होता.

होळी होऊन गेली. ऊन तापलं. त्या सोमवारी निघायला अकरा वाजले. शेषराव पुलाला लागला, खटका ओढला, खट्ट झालं. तो उभा राहिला, वाकला, हुं हुं सुरू केलं. माथ्याच्या थोडं अलीकडं मागून आवाज आला.

"थांबा."

"पुलावर कुठी थांबू वं?"

"थांबा म्हटलं नं."

त्यानं माथ्यावर नेऊन कठड्याला लागून रिक्षा उभी केली. मागून बायकोचा हात पाठीवर आला. खांद्यापासून कमरेपर्यंत तिनं हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

"बनियन कोरडं हाये जी तुमचं."

त्यानं ब्रेक आवळला.

"दोन महिने झाले, कोरडंच हाये. म्या पाह्यतो नं मांगून. ऊन इतकं, चढ इतका, अन् घामाचा थेंब नाई. नुसते हुं हुं करता." ती हसली का खोकली ते त्याला कळलं नाही. "म्या जलमभर कापूस वेचला. गाठोडं डोक्यावर घेतलं का किलो समजते मले. माह्या आंगाचं नाई समजनार का?"

"सूज उतरली वं..."

"किती भरलो म्या? खरं सांगा."

मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "ओ बुढाजी! घर बांधता काय पुलावर?"

"एकोणचाळीस," शेषराव म्हणाला.

"हां. म्या चाळीस धरले होते."

तो उतरला. रिक्षाच्या दांडीला धरून तिच्याकडं तोंड करून उभा राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं तिला समोरून असं नीट पाहिलंच नव्हतं. सीटच्या मधोमध ती बसली होती आणि दोन्ही बाजूंना जागा उरली होती.

"आजच्या दिवस चाल," तो म्हणाला. "अर्ध्याच्या वर आलो आपण."

"आज गेलो का गुरवारी म्हनसान आजच्या दिवस चाल."

"प्रणाली रविवारी येनार हाये. तिले काय सांगू म्या?"

"ते तुमी पाहा. हातावर हात तुमी देल्ला होता, तिनं नाई."

"विमल."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. नावानं त्यानं तिला चारचौघांत कधी हाक मारली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हैस काढून काढून थकले तुमी. फिरवा आता."

दवाखाना तिथून दिसत होता. पांढरी इमारत, वर पाण्याच्या टाक्या. उतार होता, पायडलसुद्धा मारावं लागलं नसतं. नुसता ब्रेक सोडला असता तर रिक्षा आपोआप गेली असती, आणि रिक्षात बसलेल्या एकोणचाळीस किलोच्या बाईला काही करता आलं नसतं. हे त्याच्या मनात आलं. पुढं कित्येक दिवस येत राहिलं.

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. शेषरावानं हात वर करून त्याला थांबवलं. मागं गेला, रिक्षाची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि बसल्या बाईसकट उचलून अर्ध्या रस्त्यातून फिरवली. एका दमात फिरली.

रविवारी प्रणाली आली. आईपाशी रडली, भांडली, पाया पडली, ऑटो आणून दारात उभा केला. विमलनं ऑटोवाल्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. त्यानंतर ती पाच दिवस जगली. शेवटचे दोन दिवस तिला शुद्ध नव्हती, त्रास झाला, आणि घरी मरणं हे काही सोपं मरण नसतं हे शेषरावानं पाहिलं. पण मशीनवर नेलं नाही.

तेरवी झाल्यावर तो पोरीला पोचवायला एसटी स्टँडवर गेला. अमरावतीच्या फलाटावर दोघं उभी होती. प्रणालीनं त्याच्याशी त्या रविवारपासून कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. पुलावरचं सारं शेषरावानं एकट्या चंदनला सांगितलं होतं, आणि चंदननं ते तिला सांगितलेलं दिसत होतं.

"बाबा, एक सांगा. तिनं बनियनले हात लावला नसता तं तुमी नेतच रायले असते नं?"

"हो."

"अन् मंग माय अजून असती."

खोटं बोलायची शेषरावाची ताकद पुलावरच संपली होती.

"असती," तो म्हणाला.

बस लागली. प्रणालीनं पिशवी उचलली आणि चढली. खिडकीपाशी जागा होती, पण ती आतल्या बाजूला बसली.